सौर बंबाचा फिरता पंप नुसता घुमतो, पाणी फिरत नाही: नवा घेण्यापूर्वी काय तपासावे?

माटोळी (प्रश्न)

आमचे घर फोंडा तालुक्यात असून गच्चीवर ३०० लिटरचा सौर बंब आहे. न्हाणीघर घराच्या दुसऱ्या टोकाला असल्यामुळे पूर्वी गरम पाणी येईपर्यंत दीड बादली थंड पाणी वाहून जात असे. चार वर्षांपूर्वी परतीची नळी टाकून जिन्याखालच्या कोनाड्यात एक लहान फिरता पंप बसवून घेतला. पहाटे साडेपाचला टायमरवर तो सुरू झाला की थोड्याच वेळात नळाला गरम पाणी येई. माझ्या आईचे वय ८१ आहे आणि तिला पहाटेच स्नान लागते, म्हणून ही सोय आमच्या दृष्टीने चैनीची नव्हे.

जूनमध्ये पाऊस धरल्यावर आम्ही बंब आणि पंप दोन्ही बंद ठेवले आणि नेहमीप्रमाणे न्हाणीतल्या भाणावर (चुलीवरच्या तांब्याच्या हंड्यात) पाणी तापवले. चवथ (गणेशचतुर्थी) आटोपून ऊन पडू लागल्यावर पंप लावला, तर तो मंद घुमतो, दहा मिनिटांत हात ठेववत नाही इतका तापतो, मात्र परतीची नळी थंडगारच राहते. वायरमनने कंडेन्सर (मोटरीला सुरुवातीचा जोर देणारा भाग) बदलला, पण फरक पडला नाही. प्लंबर म्हणतो की मोटर जळाली आहे, पूर्ण पंपच बदला. पंपावरच्या पट्टीवर २३० व्होल्ट, तीन वेगांना ४६, ६७ आणि ९३ वॅट, आणि कंडेन्सरची क्षमता ३.५ मायक्रोफॅरड असे लिहिले आहे. खर्चात पडण्यापूर्वी घरच्या घरी काही तपासता येईल का?

जांभा

मोटर जळाली असती तर ती बहुधा घुमलीच नसती, किंवा जळकट वास येऊन एमसीबी (बिघाड होताच वीज तोडणारे बटण) पडला असता. घुमणे आणि तापणे याचा अर्थ वीज गुंडाळीपर्यंत पोहोचते आहे, परंतु आतला रोटर (मोटरीचा फिरणारा भाग) जागचा हलत नाही. चार महिने बंद राहिलेल्या पंपाबाबत हेच पहिले अनुमान ठेवावे.

हे पंप विहिरीवरच्या मोटरीसारखे नसतात. यांचा रोटर पाण्यातच फिरतो आणि त्याच्या बेअरिंगना वंगण म्हणून तेच पाणी पुरते, त्यामुळे पाणी साचून राहिले की गाळ आणि गंज बारीक फटीत बसून रोटरला धरून ठेवतात. सुटण्यासाठी लागणारा पहिला हिसका एवढ्या लहान मोटरीत नसतो.

प्रथम एमसीबी बंद करा. टायमर बंद असणे पुरेसे नाही. पंपाच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून तो पूर्ण निवू द्या, कारण आतले पाणी ६० अंशांच्या वर असू शकते आणि हात भाजतो. मोटरीच्या तोंडावर मधोमध एक मोठा चपटा स्क्रू दिसेल. तारांच्या डबीवर प्लास्टिक बांधून तो स्क्रू सावकाश काढा. थोडे पाणी गळेल, ते फडक्याने टिपा. आत दांड्याच्या टोकाला बारीक खोबण असते, तिच्यात लहान स्क्रूड्रायव्हर घालून दांडा दोन्ही दिशांना हलक्या हाताने फिरवून पाहा. अडला तर जोर लावू नका, कारण काही पंपांत हा दांडा सिरॅमिकचा असतो आणि तो वाकत नाही, तुटतो.

आणखी एक गोष्ट विचारतो: वायरमनने किती मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घातला? आपल्याकडे पंख्याचा २.५ चा सहज मिळतो आणि तोच अनेकदा बसवला जातो.

पोफळ

वरील सल्ला योग्य आहे, परंतु हवेचा विचार आधी करावा असे मला वाटते. चवथीपूर्वी टाकी रिकामी करून धुतली असेल तर वरच्या वळणात हवा अडकते. मग पंप फिरत असला तरी पाणी पुढे सरकत नाही. सर्वांत उंच जागेवरचा हवेचा नळ उघडून पाण्याची सलग धार येईपर्यंत हवा सोडा. परतीच्या नळीवरचा एनआरव्हीही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) अडकलेला नाही ना, हे पाहा.

जांभा

हवा अडकण्याची शक्यता नाकारत नाही. पण केवळ हवा असती तर नळीत खळखळ ऐकू आली असती, आणि फिरणारा पंप दहा मिनिटांत इतका तापत नाही. स्क्रूड्रायव्हरचे टोक पंपाला आणि मूठ कानाला लावून ऐका. फिरणाऱ्या रोटरची बारीक सरसर आणि अडकलेल्याचा जाड, एकसुरी घुमार यांतला भेद लगेच कळतो.

माटोळी

सांगितल्याप्रमाणे केले. टाकी यंदा रिकामी केली नव्हती आणि कानाला घुमारच ऐकू आला. मधला स्क्रू निघताच चिऱ्याच्या मातीच्या रंगाचे पाणी गळले. दांडा आधी मुळीच हलेना. मागेपुढे करत राहिल्यावर तो किंचित सरकला, मग आणखी थोडा, आणि पाचएक मिनिटांनी दोन बोटांच्या जोरावर पूर्ण फिरू लागला. स्क्रू बसवून, व्हॉल्व्ह उघडून पंप लावला आणि सहा मिनिटांत परतीची नळी तापली! आईला हात लावून बघायला सांगितले.

मात्र पहिल्या वेगावर तो आपण होऊन सुटत नाही, तिसऱ्यावरच सुटतो. कंडेन्सर पाहिला तर खरोखरच २.५ चा निघाला. आणि नळाला पहिली बादली तांबूस येते, तिची काळजी वाटते.

साकव

कमी क्षमतेच्या कंडेन्सरने सुरुवातीचा जोर घटतो. पट्टीवर लिहिलेला ३.५ चाच घाला, म्हणजे पहिल्या वेगाची तक्रार मिटावी. काढताना जुन्याची दोन्ही टोके उघड्या हाताने धरू नका, त्यात वीज साठलेली असू शकते.

तांबूस पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. मी काही वर्षे इंग्लंडमध्ये स्विंडनला राहिलो. तिथे आपले गोंयकार पुष्कळ आहेत आणि बहुतेक घरांत खोल्या उबदार ठेवणारा बॉयलर असतो. त्या बॉयलरचा फिरता पंप दिसायला हुबेहूब असाच आणि त्याचे आवरण बिडाचे असते. तिथे ते चालते, कारण त्या बंदिस्त चक्रात तेच पाणी वर्षानुवर्षे फिरते, त्यातला विरघळलेला प्राणवायू एकदा संपला की गंज जवळजवळ थांबतो, आणि शिवाय गंजरोधक द्रव्यही घालतात. आपल्या सौर बंबात मात्र रोज ताजे पाणी येते आणि रोज नवा प्राणवायू आणते. अशा पाण्यासाठी पितळी-कांस्य धातूचे किंवा स्टेनलेस स्टीलचे आवरण असलेला पंप लागतो. तुमच्या पंपाला लोहचुंबक लावून पाहा. आवरणाला घट्ट चिकटला तर ते बीड आहे असे समजा, आणि रोटर मोकळा केला तरी गंज पुन्हा त्याच जागी साचणार.

दुसरे म्हणजे, तिथे उन्हाळ्यात बॉयलर बंद असला तरी आधुनिक यंत्रे दिवसातून एकदा पंप काही क्षण आपोआप फिरवतात, तो धरून बसू नये म्हणूनच. आपल्याकडे हे पावसाळ्यात हाताने करावे लागेल. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे पुरतात, फक्त टाकीत पाणी असल्याची खात्री करा. कोरडा फिरला तर बेअरिंग फार लवकर जातात.

माटोळी

लोहचुंबक घट्ट चिकटला. पाणी बंद करून मोटरीचे चार ॲलन स्क्रू काढले आणि डोके वेगळे केले. आवरणाच्या आतल्या बाजूला गंजाच्या गाठी आल्या आहेत. पाणी ढकलणाऱ्या आतल्या पंख्याच्या पात्यांमागे हळदीच्या लेपासारखा थर बसला होता, तो बोटाने निघाला. दांड्यावरचा डाग पातळ व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवल्यावर गेला. भाण घासताना चिंच वापरतो तसेच, पण रबरी कडीला व्हिनेगर लागू दिले नाही.

३.५ चा कंडेन्सर घातल्यापासून पहिल्या वेगावरही पंप सुटतो. तरी आवरणाची अवस्था पाहता स्टेनलेस स्टीलचा पंप मागवला आहे. तो येईपर्यंत हाच चालवतो. पहिली बादली आम्ही झाडांना घालतो.

जांभा

नवा बसवताना मोटरीचा दांडा आडवा राहील हे प्लंबरकडून स्वतः उभे राहून करून घ्या. मोटर आकाशाकडे तोंड करून बसवली तर वरच्या बेअरिंगपाशी हवा साचते आणि ते कोरडे पडते. तारांची डबी पंपाखाली येता कामा नये, अन्यथा जोडातून गळलेला थेंब थेट तारांवर पडेल. अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे उपकरण) त्याच दिवशी तपासून घ्या. टायमर पहाटेपुरताच ठेवा, कारण रात्रभर पाणी फिरत राहिले तर नळीवाटे टाकीतली उष्णता निघून जाते आणि आईंना पहाटे कोमट पाणी मिळेल.