शब्दचर्चा: ‘इंटिग्रेटेड हेल्थ अँड सोशल केअर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: स्कॉटलंडमध्ये उतारवयाला पोहोचलेल्या मराठी मंडळींसाठी मी एका माहितीपत्रकाचा अनुवाद करते आहे. ‘इंटिग्रेटेड हेल्थ अँड सोशल केअर’ हा शब्दप्रयोग त्यात ओळीआड येतो. ‘एकात्मिक आरोग्य व सामाजिक काळजी’ असे लिहून पाहिले. पण वाचताना कोणीतरी समाजाची चिंता वाहत बसले आहे, असेच वाटते. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

उत्तर: आपली शंका रास्त आहे. ‘आजीची काळजी घेतो’ आणि ‘आजीची काळजी वाटते’ यांतला फरक क्रियापद करते; ते काढून घेऊन मागे ‘सामाजिक’ जोडले, की चिंताच उरते. ‘समाजकल्याण’ म्हटले, तर आपल्याला शिष्यवृत्ती आणि वसतिगृहे आठवतात. तिकडे मात्र सोशल केअर म्हणजे घरी येऊन आंघोळ घालणे, जेवू घालणे, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून देणे. ‘देखभाल’ या शब्दाला मला नेहमी इमारतीच्या दुरुस्तीखर्चाचा वास येतो, पण तो कदाचित माझाच आकस असेल. उरतात ‘शुश्रूषा’ आणि ‘निगा’. शुश्रूषेचा मूळ संस्कृत अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’, तर निगा ही फारसी ‘निगाह’ म्हणजे नजर. एक शब्द कानातून आला, दुसरा डोळ्यांतून. शुश्रूषा आता आजाऱ्याला चिकटली आहे, म्हणून आजारी नसलेल्या पण हातपाय थकलेल्या माणसासाठी मी ‘निगा’ घेईन.

दुसरे उत्तर: ‘निगा’ पटले. ‘एकात्मिक’ हा शब्द १९७५ च्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेमुळे अंगणवाडीपर्यंत रुळला आहे हे खरे, परंतु येथे तो थोडी दिशाभूल करतो. स्कॉटलंडच्या २०१४ च्या कायद्यानुसार २०१६ पासून बहुतेक भागांत आरोग्य मंडळ आणि स्थानिक परिषद आपापला निधी एका संयुक्त मंडळाच्या नियोजनाखाली आणतात, मात्र परिचारिका आरोग्य मंडळाच्याच नोकरीत राहते आणि समाजसेवक परिषदेच्या. आपल्या भाषेत सांगायचे, तर चूल एक, सातबारा वेगळे. (उत्तरेकडच्या हायलँड भागात २०१२ साली निराळी वाटणी ठरली: प्रौढांची निगा आरोग्य मंडळाकडे, मुलांची परिषदेकडे.) त्यामुळे ‘विलीनीकरण’ चुकीचे ठरते, आणि ‘समन्वय’ फारच पातळ, कारण सरकारी मराठीत समन्वय म्हणजे महिन्याकाठी होणारी बैठक. कायद्याच्या नावातच ‘जॉइंट वर्किंग’ आहे. मग ‘संयुक्त’ का नको?

प्रश्नकर्ती: दोघांचेही आभार. शीर्षकात ‘आरोग्य आणि निगा: संयुक्त सेवा’ असे घेते, आणि पहिल्याच परिच्छेदात तिचा अर्थ उलगडून सांगते: ‘खुब्याचे हाड मोडून रुग्णालयात गेलेल्या व्यक्तीला घरी सोडण्याआधी, घरी तिला उठवणार-बसवणार कोण, हे दोन्ही खात्यांनी मिळून ठरवायचे असते.’ हे ठरेपर्यंत बरी झालेली माणसे तिथे खाटेवर अडकून पडतात, त्या अवस्थेला ‘रखडलेला डिस्चार्ज’ म्हणते आहे. त्यातला ‘डिस्चार्ज’ तसाच ठेवला आहे, कारण ‘घरी कधी सोडणार?’ असे विचारणारी आपली माणसेसुद्धा हातात पडणाऱ्या कागदाला ‘डिस्चार्ज कार्ड’च म्हणतात.