रिः अटलांटाकडे पाइनची पूड (परागकण) सुरू झाली, एसीचा फिल्टर ८ की १३? (बोलणाऱ्याच्या नावाच्या जागी त्याचं उपनगर.)

अल्फारेटा: एकत्रित ऑर्डर शनिवारी जाणार, म्हणून आजच सांगा. २०×२५×१ इंची फिल्टरमध्ये मर्व १३ मागवू का? (मर्व म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याचा आकडा.) मागच्या ऑर्डरीत १३ घेतलेल्यांपैकी दोघांकडे वरच्या मजल्यावर हवा पोचेना आणि एसीच्या थंड नळ्यांच्या कॉइलवर बर्फ धरला.

जॉन्स क्रीक: ताई, एक इंचीत १३ नकोच. जाळी दाट आणि घड्या उथळ, ब्लोअरला, म्हणजे आतल्या पंख्याला, हवा ओढताच येत नाही. एसीच्या एका टन क्षमतेला साधारण ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. ती कमी पडली की कॉइल गोठते. बहुतेक फर्नेसवर स्टॅटिक प्रेशरची (हवेला होणाऱ्या अडथळ्याच्या दाबाची) मर्यादा ०.५ इंच पाण्याचा स्तंभ असते, झाकणामागच्या पाटीवर बघा. १३ हवाच असेल तर आधी चार इंची फिल्टर मावेल असं कॅबिनेट बसवून घ्या. नाहीतर ८ किंवा ११ लावा आणि मे संपेपर्यंत दर महिन्याला बदला. फिल्टरवरचा बाण ब्लोअरकडे.

कमिंग: काका, आकड्यावरून वाद कशाला? ओकचा परागकणही २० मायक्रॉनच्या वरचा, तो ८ मध्येसुद्धा अडकतो. आणि शिंका बहुतेक ओकसारख्या झाडांच्या असतात. पाइनची पूड नुसती नजरेत भरते. खरी गळती फिल्टरच्या कडेने होते. २०×२५ छापलेला फिल्टर प्रत्यक्षात १९.५×२४.५ भरतो. खाचेत हलत असेल तर कडेला फोमची पट्टी लावा. अॅटिकमधल्या (छपराखालच्या माळ्यावरच्या) रिटर्न डक्टचे, म्हणजे घरातली हवा परत नेणाऱ्या नळाचे, सांधे मॅस्टिकने (सांधे बुजवायच्या लेपाने) लिंपा. कापडी डक्ट टेप तिथल्या उष्णतेत सुटते, मग अॅटिकची धूळ न गाळता थेट घरात येते.

डुलुथ: आम्ही एसीचा पंखा सतत 'ऑन' ठेवायला सांगतो, हवा जास्त वेळा गाळली जाते.

कमिंग: एप्रिलमध्ये ठीक. कूलिंग सुरू झालं की 'ऑटो'च. कॉम्प्रेसर थांबल्यावर पंखा चालू राहिला तर कॉइलवरचं पाणी वाफ होऊन पुन्हा घरात शिरतं. इथल्या दमट हवेत मग बुरशीची अॅलर्जी.

जॉन्स क्रीक: बाहेरचं युनिट राहिलं. डिस्कनेक्ट (युनिटची वीज तोडणारा खटका) काढून साध्या होजने, जमेल तिथे आतून बाहेर धुवा. प्रेशर वॉशर नको, फिन (धातूच्या पातळ पट्ट्या) दुमडतात. पण पूड पडायची थांबल्यावर. आत्ता धुतलंत तर आठवड्यात पुन्हा पिवळं. एसीचं पाणी वाहून नेणाऱ्या ड्रेनच्या नळीत कपभर पांढरं व्हिनेगर, अर्ध्या तासाने पाणी.

अल्फारेटा: म्हणजे ८ आणि ११. मापं माझ्याकडेच पाठवा, परस्पर दुकानात कळवू नका. मागे त्यातूनच दुबार ऑर्डर झाली. जुन्या फिल्टरवर छापलेलं माप नको, खाच टेपने मोजा. जाडीसुद्धा.