आधीची आई कुठे गेली?

या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवलं की मुलाला दत्तकाबद्दल 'सांगून झालं'. नाही हो! केइको काझाच्या 'अ मदर फॉर चोको'मध्ये पिवळं पाखरू आपल्यासारखी दिसणारी आई शोधत हिंडतं. शेवटी अस्वलबाई त्याला घरी नेतात. तिथे त्यांची पोरं म्हणजे पाणघोडा, मगर आणि डुक्कर. गोड आहे, आमच्याकडे तोंडपाठ झालंय. पण लेकीने मगरीवर बोट ठेवून विचारलं, "हिची आधीची आई?" पुस्तकात उत्तर नाही. मी पान उलटायची घाई केली, ते चुकलंच. मोठ्यांनी पॉलिन बॉस यांचं 'अँबिग्युअस लॉस' (१९९९) हे पुस्तक वाचावं. माणूस गेलेलं नाही आणि समोरही नाही, अशा अधांतरी दुःखाबद्दल आहे. तेराव्यानंतर संपणारं नव्हे ते.