जामीन मंजूर, पण अशील अजून आतच. जामीनदार कुठून आणू? (मदत हवी आहे)

नवी_सनद

मंडळी, फौजदारी कोर्टात मुरलेलं कुणी इथे असेल तर थोडा वेळ द्या.

मी मुंबईत सहायक लोक अभिरक्षक आहे. हे पद सांगितल्यावर माझ्या सख्ख्या मावशीने "जंगल खातं का गं?" असं विचारलं होतं, म्हणून आधीच खुलासा: ज्या आरोपीला वकील परवडत नाही त्याची केस आम्ही विधी सेवा प्राधिकरणातर्फे फुकट लढवतो. सनद मिळून दोन वर्षं झाली, या कामावर आठ महिने. खासगी केस घ्यायची नाही, अशिलाकडून रुपया घ्यायचा नाही.

सुरुवातीला रिमांडला आणलेल्या पोराला मी सांगायचे, "मी तुझी वकील, सरकारतर्फे." की त्याचं तोंड बंद. चूक माझीच. आपल्याकडे सरकारी वकील म्हणजे समोरचा, जामिनाला विरोध करणारा. आता 'सरकार' हा शब्दच काढत नाही. "तुझ्या बाजूची" म्हणते, मग कुठे दोन वाक्यं मिळतात, तीही पॅसेजमध्ये, शेजारी हवालदार घड्याळ बघत उभा असताना.

तर केस. मुलगा 22 वर्षांचा, मूळ परभणीकडचा, नाक्यावर उभा राहून मिळेल ते बिगारीकाम करणारा. मोबाईल चोरी, न्यायसंहितेचं कलम 303(2), जास्तीत जास्त तीन वर्षं. आधीचा एकही गुन्हा नाही. अर्ज केला, जामीन झाला: 15,000 चा पीआर बाँड (स्वतःचा जातमुचलका) आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. मी खुशीत ऑफिसला वडापाव खायला घातला. त्याला आज 38 दिवस झाले. पोरगा अजून तळोजा जेलमध्येच आहे.

मुंबईत नात्याचा एकच माणूस, मामा. मानखुर्दला भाड्याच्या झोपडीत राहतो. साडीच्या दुकानाच्या पिशवीत होते नव्हते ते सगळे कागद घेऊन आला: आधार, गावचं रेशनकार्ड, मुलीच्या शाळेचा दाखला आणि, का कोण जाणे, स्वतःच्या लग्नाची पत्रिका. रोजंदारी बुडवून तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा रेशनकार्ड परभणीचं म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांदा सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला, आणा म्हणाले. भाडेकरूच्या नावावर कसली मालमत्ता असणार? तिसऱ्यांदा साहेब रजेवर. त्या दिवशी निघताना मामाने 200 ची नोट बारीक घडी करून माझ्या फायलीत सरकवली. मी परत दिली तर त्याचा चेहरा उतरला. "कमी झाले का मॅडम?"

फाटकाबाहेर एकाने गाठून सांगितलं, तीन हजारात जामीनदार देतो, कागद एकदम क्लीन. मी निघून आले, पण खरं सांगते, लोकलमध्ये तासभर तेच डोक्यात होतं. मग वाटलं, मीच जामीन राहू का? वरिष्ठ चांगले आहेत, पण त्यांच्यामागे सेशन्सच्या ट्रायल आहेत, त्यांना कितीदा विचारणार. काय करू?

जुनाकोट

ताई, आधी फाटकाबाहेरचं बघू. त्या वाटेला जाऊ नका. पडताळणीत कागद बोगस निघाले की पोरावर दुसरा गुन्हा, आणि पहिलं बोट तुमच्याकडे. स्वतः जामीन राहणंही विसरा. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाने अशिलाचा जामीनदार व्हायचं नाही, जामीनदाराच्या ऐपतीची खात्रीसुद्धा द्यायची नाही.

आता कामाचं. सर्वोच्च न्यायालयाचे 31 जानेवारी 2023 चे निर्देश काढा. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेल अधीक्षकाने प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. महिन्यात बाँड भरला गेला नाही तर कोर्ट आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, ती अट शक्यतो घालू नये, हेही त्यातच आहे. तुमचे 38 दिवस झालेत! वाट कसली बघताय?

सोबत सर्वोच्च न्यायालयाचा मोतीराम निकाल जोडा, 1978 चा. मोतीराम गवंडी होता. 10,000 चा जामीन, भाऊ जामीनदार व्हायला तयार, पण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून मॅजिस्ट्रेटने नाकारला. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला स्वतःच्या 1,000 च्या बाँडवर सोडायला सांगितलं. तुमच्या मामाचं रेशनकार्ड वेगळं काय सांगतं?

विनंतीत एकच मागणी नको. नुसत्या पीआर बाँडवर सोडा, ते नाही तर रक्कम कमी करून तूर्त रोख घ्या आणि जामीनदाराला मुदत द्या. फेटाळलं तर सेशन्सला, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 484.

चेंबूरकरीण

मी काही वर्षं पॅरा लीगल व्हॉलंटिअर, म्हणजे प्राधिकरणाची स्वयंसेवक, होते. वकील तोंडाने "गरीब आहे हो" म्हणतो ते कोर्टाला रोजचंच असतं, त्याने पान हलत नाही. सचिवांना सांगून घरच्या परिस्थितीचा अहवाल करून घ्या, त्याच निर्देशांत सोय आहे. व्हॉलंटिअर मानखुर्दला जाईल, खोली बघेल, शेजाऱ्यांशी बोलेल. तो अहवाल अर्जाला जोडा.

केंद्राची 2023 ची गरीब कैद्यांसाठीची योजनाही आहे. आली तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40,000 पर्यंत तरतूद होती. एनडीपीएस (अमली पदार्थ), यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) वाल्यांना मिळत नाही, चोरीला अडचण नाही. पण कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीतून फिरतो, त्यामुळे अर्ज थांबवून त्याच्या मागे लागू नका.

आणि ती नोट. परत केलीत ते बरोबरच, पण पुढच्या वेळी मामाला बाहेर चहाला न्या आणि पैसे तुम्ही द्या. नाहीतर त्याला वाटणार, पैसे नाकारले म्हणजे काम होणार नाही.

नवी_सनद

जुनाकोट काका, मोतीराम कॉलेजात पाच मार्कांसाठी पाठ केला होता. तो गवंडी होता हे मात्र लक्षात राहिलं नाही. आज रात्रीच ड्राफ्ट करते.

चेंबूरकरीण ताई, मामाला आत्ताच फोन केला. तो म्हणतो, मुकादमाच्या हजेरीवहीत सहा वर्षांपासून त्याचं नाव आहे, शेवटच्या पानावर मानखुर्दचा पत्ताही लिहिलाय. अहवालाला चालेल का?

चेंबूरकरीण

पळेल! पण फोटो नको म्हणावं, वहीच घेऊन ये. आणि मुकादमालाही.