मदत हवी आहे: तीन चिठ्ठ्या, तीन दर, आणि वाळू उणे २०० रुपये ब्रास!

गच्चीवाला
काम येळ्ळूरला, माल बेळगावहून. दुकानदार चिठ्ठीवर माल लिहितो आणि खाली फक्त एकूण आकडा. मला सिमेंट, वाळू, वीट यांचे दर सुटे पाहिजेत, वरच्या दोन खोल्यांचा अंदाज आजच द्यायचाय.

पहिली: ४० पोती, २ ब्रास (१ ब्रास = १०० घनफूट) एम-सँड (दगड दळून केलेली वाळू), २००० विटा = ४५,७६०
दुसरी: ६० पोती, ३ ब्रास, २५०० विटा = ६४,१४०
तिसरी: ३० पोती, १ ब्रास, २००० विटा = ३८,९२०

अज्ञातं तीन, समीकरणं तीन. उत्तर येतंय वीट ९ रुपये (हे पटतंय), सिमेंट ७०४, वाळू उणे २००. आकडेमोड तपासली, चूक नाही. अडतंय कुठं?

शहापूरची_गल्ली
दुकानदाराला फोन लावा की ओ. एवढं गणित कशाला?

गच्चीवाला
लावला. "पुढच्या वेळी बसून बघू" म्हणतो. उधारी त्याच्याकडंच, ताणून चालत नाही.

निश्चयक
एकसामयिक समीकरणांना क्रेमरची पद्धत वापरा, चुकायला जागाच नाही. तुमच्या सहगुणकांचा निश्चयक (डिटर्मिनंट) उणे १०,००० येतो, म्हणजे शून्य नाही. उत्तर एकच आहे आणि ते तुम्ही काढलंय तेच.

उद्यमबाग_हिशेब
मास्तर, उत्तर तेच असेल तर वाळूवर दुकानदार आपल्याला पैसे देतोय असं म्हणायचं का? समीकरणं बरोबर सुटलीत, पण मांडली चुकीची. गच्चीवाले, गाडीभाडं कुठाय? किती खेपा झाल्या?

गच्चीवाला
भाडं त्या आकड्यातच असतंय, वेगळं लिहीत नाही. खेपा २, ३ आणि ३. तिसऱ्या वेळी गल्लीत पाइपलाइनचं खोदकाम होतं, अर्धी गाडी भरून आणावी लागली.

उद्यमबाग_हिशेब
हेच ते. चौथं अज्ञात तुम्ही मांडलंच नाही, त्यामुळे भाड्याचे पैसे कुठंतरी घुसणारच. तिसऱ्या चिठ्ठीत माल कमी आणि खेपा तीन, तो बोजा सिमेंटवर पडला आणि वाळू खाली ढकलली गेली.

वीट बरोबर आली हे नशीब नव्हे. पहिल्या चिठ्ठीची दीडपट करा: ६० पोती, ३ ब्रास, ३००० विटा, ३ खेपा, ६८,६४०. यातून दुसरी वजा केली की पोती, वाळू, भाडं सगळं उडतं. ५०० विटांचे ४,५०० उरतात. म्हणून ९ रुपयांवर विश्वास ठेवा, बाकी दोन्ही आकडे टाकून द्या. गाडी सगळ्या वेळी एकच होती का? टिपर आणि छोटा हत्ती यांचं भाडं सारखं धरता येत नाही.

गच्चीवाला
एकच, सहाचाकी. पण आता अज्ञातं चार आणि समीकरणं तीन. परत अडलो की.

एक्सेलवाला
हातानं कशाला सोडवता? एक्सेलात आकडे मांडा, एमइन्व्हर्स या सूत्रानं व्यस्त मॅट्रिक्स काढा आणि एमएमयूएलटीनं बेरजांच्या रकान्याशी गुणा. जुन्या एक्सेलात आधी चार घरं निवडून कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबावं लागतं, नाहीतर एकच आकडा दिसतो.

निश्चयक
तीन ओळी आणि चार रकाने असतील तर व्यस्त कुठनं काढणार? चौकोनी मॅट्रिक्स लागतं.

उद्यमबाग_हिशेब
आणि चार अज्ञातांना क्रेमर म्हणजे चार-बाय-चारचे पाच निश्चयक. संध्याकाळ होईल. गच्चीवाले, आणखी एखादी चिठ्ठी नाही का?

गच्चीवाला
एक आहे, पण नुसती सिमेंटची, म्हणून दिली नाही. २५ पोती, ८,८५०. माझ्याच गाडीतनं आणली, भाडं नाही.

एक्सेलवाला
मग झालंच की! पोतं ३५४. पहिल्या तीन चिठ्ठ्यांत घातलं: वीट ९, भाडं १,७५० खेप, वाळू ५,०५० ब्रास. सगळे आकडे धन. घ्या.

खानापुरी_वीट
वाळू ब्रासनं घेताय ते आधी बंद करा, टनावर घ्या. ओली बारीक वाळू फुगते, पाव हिस्सा सहज जास्त दिसते. आणि ब्रास म्हणजे १०० घनफूट; गाडीचा हौद १० बाय ५ फूट असेल तर सपाट २ फूट भरलाय का ते टेपनं बघायचं. ढीग दाखवून मापात खड्डा मारतात.

उद्यमबाग_हिशेब
विषय चांगला आहे, वेगळा धागा काढा. एक्सेलवाले, आकडे धन आले म्हणजे बरोबर आले असं नव्हे. गच्चीवाले, चिठ्ठ्यांवर तारखा काय आहेत?

गच्चीवाला
पहिल्या तीन जुलै-ऑगस्ट २०२५. नुसत्या सिमेंटची ऑक्टोबरची. तारखेनं काय फरक पडतोय?

उद्यमबाग_हिशेब
२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ऑक्टोबरचं ३५४ जुलैच्या समीकरणात बसवायचं नाही. ३५४ ला १.१८ नं भागा, मूळ दर ३००. त्यावर २८ टक्के म्हणजे ३८४. आता बघा:

पहिलीतून १५,३६० वजा: २ वाळू + २००० वीट + २ भाडं = ३०,४००
तिसरीतून ११,५२० वजा: वाळू + २००० वीट + ३ भाडं = २७,४००
वीट ९ घालून: वाळू + भाडं = ६,२०० आणि वाळू + ३ भाडं = ९,४००.

वजाबाकी केली की भाडं १,६०० खेप, वाळू ४,६०० ब्रास.

एक्सेलवाला
दुकानदारानं कर कमी झाला तेवढाच दर उतरवला हे कशावरनं? मूळ दर ३०० च राहिला हे तुम्ही गृहीत धरलंय.

निश्चयक
शंका रास्त आहे. चार अज्ञातं चार समीकरणांत बसणारच, ताळा करायला काही उरत नाही. सप्टेंबरच्या आधीची आणखी एक चिठ्ठी पाहिजे, कितीही लहान चालेल.

शहापूरची_गल्ली
पक्कं बिल घेतलं असतं तर ही भानगडच नव्हती. टॅक्स इनव्हॉइसवर वस्तूवार किंमत लिहावीच लागते.

गच्चीवाला
कच्ची चिठ्ठी आहे, आता काय करू? जूनची एक सापडली: १० पोती, १ ब्रास, १ खेप, १०,०५०.

निश्चयक
उत्तम! आता जीएसटी बाजूला ठेवा, ऑक्टोबरची चिठ्ठीही नको. वीट ९ हे आधीच पक्कं आहे. पहिलीतून १८,००० वजा करून निम्मं केलं की २० पोती + वाळू + भाडं = १३,८८०. जूनची: १० पोती + वाळू + भाडं = १०,०५०. वजा करा: १० पोती ३,८३०, म्हणजे पोतं ३८३. पुढं भाडं १,६०५, वाळू ४,६१५.

उद्यमबाग_हिशेब
३८३ आणि ३८४. जूनची चिठ्ठी गोल केलेली दिसते. तिथं १०,०४० धरलं तर बरोबर ३८४ येतं. दहा रुपयांच्या गोलाईनं पोत्यात एक रुपया हलतो, कारण फरक दहाच पोत्यांचा आहे. एक्सेलवाल्यांच्या दरानं हीच चिठ्ठी १०,३४० ची व्हायला हवी होती. २९० चा फरक गोलाईत जात नाही.

एक्सेलवाला
मान्य. तरी पाचही ओळी एक्सेलच्या लाइनेस्टला (सगळ्या ओळींशी जमेल तेवढे जुळणारे दर काढणारं सूत्र) दिल्या असत्या तर...

निश्चयक
तारखा न बघता दिल्या असत्या तर त्यानं दोन्ही दरांच्या मधलाच कुठला तरी आकडा दिला असता.

गच्चीवाला
मग अंदाजात कुठले दर लिहू?

उद्यमबाग_हिशेब
सिमेंट ३५४, कारण आता घ्यायचंय. वीट, वाळू, भाडं हे जून ते ऑगस्टचे दर, ते आजचे म्हणून लिहू नका. ९, ४,६०० आणि १,६०० समोर ठेवून दुकानदाराला "वाळू याच्या वर जाणार नाही ना?" एवढंच विचारा. आकडा समोर असला की तो बोलतो. आणि खेपा मालावरनं मोजा. खोदकाम बुजलं असेल तर २००० विटा, १ ब्रास आणि ३० पोती दोन खेपांत बसतात, १,६०० तिथंच वाचले.

प्लास्टर_मामा
प्लास्टरला सिमेंट-वाळू छताला १:४ आणि भिंतीला १:६ धरा. १२ मिमी जाडीला १:४ नं १०० चौरस फुटांना साधारण एक पोतं लागतं. विटा आधी भिजवा.

गच्चीवाला
मामा, प्लास्टरचं नंतर बघू, अजून भिंतीच उभ्या नाहीत. अंदाज लिहायला बसतो.