मळा ग्रुप : सकाळी गोठ्यात काय झालं

माई (मळा), ७.५२
सगळ्यांना नमस्कार. कुणाला बोल लावायचा नाही, पण आज बोलल्याशिवाय राहवत नाही. कपिलेनं पान्हा चोरला. सकाळी सात लिटर देणारी गाय आज पाचवर थांबली. मी धारेला बसलेले आणि सुट्टीला आलेल्या पोरांतली मोठी दोघं दारातून मोबाईलचा लाईट मारून शूटिंग करत होती. डेअरीत फॅट २.९ लागली. परवा ३.७ होती.

बंडू (कोथरूड), ७.५८
वहिनी, सॉरी. समजावतो त्यांना. पण फॅट रोज थोडी कमी-जास्त होतेच ना?

माई
होते भाऊजी, एवढी नाही. पान्हा सुटला की पाच-सात मिनिटं टिकतो, तेवढ्यात कास रिकामी करायला लागते. मधेच गाय बिचकली की संपलं. आणि खरी साय शेवटच्या धारांत असते, त्याच कासेत राहिल्या. मग फॅट लागणार कुठून? ३.५ च्या खाली गेलं की भाव कापतात. पैशाचं सोडा, दूध तुंबून दगडी झाली, म्हणजे कास सुजून कडक झाली, तर सड जातो गायीचा.

अप्पा
धारेच्या वेळी गोठ्यात एकच माणूस.

बेबी आत्या (हडपसर)
अगं माई, पोरं पाच वाजता उठली हेच किती! आमच्याकडे दहा हाका मारल्याशिवाय पांघरूण हलत नाही.

माई
वन्सं, उठतात याचं कौतुक मलाही आहे.

मंजू (कोथरूड)
माई, रागावू नका. चिकू काल फोनवर खूप खुशीत होता. हात साबणाने धुतो ना नीट?

माई
धुतो, मी उभी राहून धुवायला लावते. चिकूची तक्रारच नाही. खुराड्यापुढं उकिडवा बसतो, शिळं पाणी ओतून देतो, भांडं राखेनं घासतो, मग ताजं भरतो. मे महिन्याचं ऊन आहे, नऊनंतर कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकतात, हे त्याला एकदाच सांगितलं होतं. आता दुपारी पण जाऊन पाणी बघतो. काल कडब्याच्या गंजीमागं चार अंडी त्यालाच सापडली. मी मोठ्या दोघांचं बोलतेय.

दादा
डेअरीवरून निघालो. टिकली शेळी उठली का?

डॉ. ताई (बाणेर)
टिकलीला काय झालं??

माई
तेच सांगायचं राहिलं. काल सकाळी पोरांनी तिला पातेलंभर शिळा भात घातला, वर गोणीतली ज्वारी. दुपारपर्यंत डावी कूस ढोलासारखी ताठ. रवंथ बंद, दात करकर वाजवत होती. दादांनी जनावरांच्या डॉक्टरांच्या १९६२ नंबरला फोन लावला, डॉक्टर येऊन गेले. आज जरा सुबाभळीच्या पाल्याला तोंड लावलंय.

बंडू
पण आपण शेळ्यांना खुराक देतोच की. मुलांना वाटलं असेल, भूक लागलीय.

माई
मूठभर देतो भाऊजी, आणि रोजच्या सवयीचा. शेळीचं पोट पाल्याचं. भात-दाणे एकदम गेले की आत आंबतं आणि पोटच थांबतं. जीव जातो त्यानं. गाभण आहे ती, माहीत आहे ना सगळ्यांना?

अप्पा
धारेच्या वेळी गोठ्यात एकच माणूस.

बेबी आत्या
अप्पा, आता शेळीचं चाललंय.

अप्पा
शेळीचं पण तेच. माणसं वाढली की घोळ होतो. आणि पोरांना सकाळी पेलाभर धारोष्ण दूध द्या, अंगात जोर येईल.

डॉ. ताई
अप्पा, कृपा करून नको. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जनावरांचा आजार माणसाला होतो, महिनोन् महिने ताप जात नाही. उकळूनच द्या.

अप्पा
आम्ही तेच पिऊन मोठे झालो. मी ८१ वर्षांचा आहे.

डॉ. ताई
तुमचं बरोबर अप्पा, पण त्याची लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींनाच टोचतात. पाडीला टोचलीय, कपिलेला कुठे टोचलीय?

मंजू
माई, प्लीज उकळून.

माई
उकळूनच देते गं. चुलीवर तीन उकळ्या येतात.

बंडू
डॉक्टर, औषधं, जो खर्च झाला असेल तो सांगा. मागच्या महिन्यात पेंडीची दोन पोती पाठवलीच होती, हेही पाठवतो.

माई
पोत्यांचा हिशेब मी कधी मागितला? दर सुट्टीला चार-चार पोरं येतात, मला घर भरल्यासारखं वाटतं. पण बरोबर एक मोठं माणूस राहत नाही. मी धार बघू, चूल बघू की पोरं बघू?

(बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.)

बेबी आत्या
माईचं खरं आहे. मी पण मनावर घेतलं नाही.

अप्पा
धारेच्या वेळी गोठ्यात एकच माणूस.

माई
हो अप्पा. उद्यापासून असं. धार होईपर्यंत मोठी दोघं बाहेर, मोबाईल घरात. मी हाक मारली की त्यांनी गायीपुढं वैरण टाकायची. धारेनंतर अर्धा तास सडांची तोंडं उघडी असतात, गाय शेणात बसली की घाण आत जाते. पुढ्यात वैरण असली की उभी राहते. हे काम महत्त्वाचं आहे, पोरांना तसंच सांगा. शिळं अन्न मला विचारल्याशिवाय कुणालाही घालायचं नाही. आणि कडबा कापायच्या कुट्टीच्या मशीनकडे कुणीही फिरकायचं नाही, चिकूसुद्धा.

दादा
टिकली रवंथ करतेय. कूस पण मऊ लागतेय हाताला.

माई
देव पावला.

मंजू
बरं वाटलं वाचून. माई, मी सोमवारी रजा टाकतेय.

बंडू
शनिवारी रात्री निघतो आम्ही दोघं, बोपदेव घाटातून. वहिनी, पाचला उठवा मला.

माई
या. पिठलं-भाकरी झाकून ठेवते. गोठ्यात मात्र लांबच उभे राहा, कपिलेला तुमची सवय राहिली नाही. बंबाची लाकडं फोडायची पडलीत, आधी ती घ्या.