ऑनलाइन गुणनोंदीत रिकामा रकाना म्हणजे शून्य का?

नदीपलीकडे

माझी मुलगी सातवीत आहे, कोथरूडकडच्या एका शाळेत. शाळेने यंदा गुणांच्या नोंदी ॲपवर नेल्या. शिक्षकांनी गुण भरले की पालकांच्या फोनवर लगेच विषयवार टक्केवारी दिसते. विज्ञानात तिला 56.7 टक्के दिसले आणि घरात दोन दिवस कुणी धड बोललं नाही. चौकशी केल्यावर कळलं की मुलांचे प्रकल्प अजून तपासलेलेच नव्हते. तपासणी बाकी म्हणून रकाना रिकामा, आणि ॲपने त्या रिकाम्या रकान्याला शून्य मानलं.

हिशोब मांडते. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे सत्रभर चालणाऱ्या वर्गातल्या कामाच्या, आत शाळेने चाचण्यांना 60, प्रकल्पाला 25 आणि वहीला 15 टक्के भारांश (एकूण गुणांतलं वजन) दिलाय. तिला चाचण्यांत 72 टक्के, वहीत 90. प्रकल्प शून्य धरला तर बेरीज 56.7. प्रकल्प सध्या बाजूला ठेवला आणि उरलेल्या 75 वर भागलं तर 75.6. काम तेच, शिक्षक तेच, तरी जवळजवळ 19 टक्क्यांचा फरक. तो पडला एका सेटिंगमुळे, आणि ते सेटिंग कोणी निवडलं हे शाळेत कुणालाच सांगता आलं नाही.

दुसरा मुद्दा नुसत्या बेरजेचा. 20 गुणांच्या दोन घटक चाचण्या, त्यात 18 आणि 17. 50 गुणांचा प्रकल्प, त्यात 28. सरसकट बेरीज केली तर 90 पैकी 63, म्हणजे 70 टक्के, श्रेणी ब-2 (61 ते 70). चाचण्यांना 70 आणि प्रकल्पाला 30 टक्के भारांश दिला तर 78.05, श्रेणी ब-1, म्हणजे एक पायरी वर. बेरजेच्या पद्धतीत प्रकल्प जास्त वजनदार ठरतो, कारण तो 50 पैकी आहे. तो जास्त महत्त्वाचा आहे असं कुणी ठरवलेलं नसतं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. सत्र सुरू होतानाच शाळेने सूत्र लेखी द्यावं आणि ‘अजून तपासलं नाही’ याला कधीही शून्य धरू नये.

खडूफळा

मी शिकवतो, पेठेतल्या एका जुन्या शाळेत, गणित. ताई, तुमच्या मुलीच्या बाबतीत चूक झाली हे मान्य. पण त्यावरून शून्यच नको म्हणाल तर माझा विरोध आहे.

स्वाध्याय न देणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. रकाना रिकामा ठेवून टक्केवारी उरलेल्या कामावर काढली, तर पाचपैकी दोनच स्वाध्याय देणाऱ्या मुलाला 90 दिसतात आणि पाचही देऊन सरासरी 80 मिळवणारी मुलगी त्याच्या मागे पडते. हे मुलांच्या फार लवकर लक्षात येतं. अवघड वाटेल ते द्यायचंच नाही! मी शून्य टाकतो तेव्हा त्याच संध्याकाळी पालकांचा फोन येतो आणि दुसऱ्या दिवशी वही येते. वही आली की मी गुण बदलतो.

पाषाणटेकडी

दोघंही वेगवेगळ्या शून्यांबद्दल बोलताय. गुणनोंदीच्या प्रणालींचं काम रोज करतो म्हणून सांगतो, बहुतेक प्रणालींत याची सोय आहे, ती वापरली जात नाही. मूडल, कॅनव्हास, गूगल क्लासरूम या शाळा-कॉलेजांत वापरल्या जाणाऱ्या ऑनलाइन प्रणाली घ्या. मूडलमध्ये रिकामे गुण सरासरीतून वगळण्याची चौकट आहे; तिची खूण काढली की सगळे रिकामे रकाने शून्य होतात. कॅनव्हासमध्ये एकूण टक्केवारी फक्त तपासलेल्या कामावर बघायची की सगळ्यावर, हे विद्यार्थ्याला स्वतःला बदलून बघता येतं. गूगल क्लासरूममध्ये शिक्षक सरसकट गुण किंवा प्रकारानुसार भारांश निवडतो, किंवा एकूण टक्केवारी दाखवायचीच नाही असंही ठरवू शकतो. म्हणजे यंत्र काही ठरवत नाही. जूनमध्ये घाईघाईत कुणीतरी ‘पुढे’ दाबलेलं असतं.

पण सरांच्या शून्याचं गणितही बघा. 10 गुणांचे पाच स्वाध्याय, चारांत 9 आणि एक दिलाच नाही. 50 पैकी 36, म्हणजे 72. एका न दिलेल्या वहीपायी अ-2 ची मुलगी ब-1 वर. जिथे 33 च्या खाली नापास धरतात तिथे शून्य आणि काठावरचा मुलगा यांत 33 चं अंतर, आणि काठापासून वर मात्र 67 ची जागा सात श्रेण्यांत वाटलेली, म्हणजे एकेका श्रेणीला साधारण दहाच. शून्य इतर गुणांसारखा एक गुण उरत नाही, तो सरासरीच ओढून नेतो. मूडलमध्ये सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे गुण चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा गुण, घेता येतो. या मुलीचा मध्यक 9 येतो. कोणतं उत्तर खरं, हे शिक्षकाने ठरवायचं.

पूर्णांकनाकडेही कुणी बघत नाही. श्रेणीचे टप्पे 71 ते 80 आणि 81 ते 90 असे आहेत. मग 80.5 कुठे? जवळच्या पूर्णांकाला नेलं तर अ-2, दशांश छाटला तर ब-1.

निवृत्तबाई

मी मराठी शिकवायचे, प्राथमिकला. तुमची सगळी चर्चा टक्क्यांवर चालली आहे, म्हणून लिहिते.

2010 साली राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं तेव्हा आकारिक आणि संकलित (सत्राच्या शेवटची परीक्षा) यांचं प्रमाण इयत्तेनुसार ठरलं. पहिली-दुसरीला 70:30, तिसरी-चौथीला 60:40, पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं, सातवी-आठवीला 40:60. लहान मुलाकडे रोज बघायचं, परीक्षा हळूहळू वाढवायची, असा त्यामागचा विचार. आकारिकची साधनं आठ: निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. शिवाय वर्णनात्मक नोंदी. ‘कविता चालीत म्हणतो, पण वाचताना जोडाक्षरांना अडखळतो’, अशी नोंद मी हाताने लिहायचे. ती वाचून आईला कळायचं की घरी काय करून घ्यायचं. 75.6 वाचून काय कळतं?

म्हणून माझा विरोध तुम्हा तिघांनाही आहे. सत्र संपेपर्यंत पालकांना टक्केवारी दाखवूच नये. अर्धवट आकडा शून्य धरून काढा नाहीतर वगळून काढा, तो अर्धवटच. तुमच्या मुलीची विज्ञानाची समज ऑक्टोबरमध्ये 56 किंवा 75 नव्हती, ती तयार होत होती.

दुपारचा_चहा

बाईंशी अर्धा सहमत, पण धाग्यातल्या मागणीशी अजिबात नाही. सूत्र छापून वाटलं की पुण्यातले पालक काय करतील हे आपल्याला माहीत आहे. आमच्या सोसायटीत आत्ताच सहामाहीच्या पेपरांचं पुनर्मूल्यमापन चालतं. उद्या प्रत्येक जण घरी तक्ता मांडून पाऊण गुणासाठी स्टाफरूमच्या दारात उभा राहील. शिक्षकाने शिकवायचं कधी? डॉक्टर औषधाचं प्रमाण कसं ठरवलं ते आपल्याला समीकरणातून दाखवत नाही, तरी आपण गोळी घेतोच. तेवढा विश्वास शिक्षकावरही ठेवा.

नदीपलीकडे

विश्वासाचं म्हणाल तर राज्याच्या परीक्षा मंडळाचंच उदाहरण घ्या. 2021 मध्ये दहावीची परीक्षाच झाली नाही. तेव्हा नववीच्या निकालाला 50, दहावीच्या अंतर्गत लेखी कामाला 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिकाला 20 गुण हे सूत्र निकालाआधी जाहीर झालं. राज्यातल्या प्रत्येक घराला ते माहीत होतं. 99.95 टक्के निकालावर टीका झाली, पण गुण आले कुठून हे कुणाला विचारावं लागलं नाही. त्याआधी मार्च 2020 मध्ये भूगोलाचा पेपर रद्द झाला, तेव्हा मंडळाने त्याला शून्य दिलं का? इतर विषयांच्या सरासरीवरून गुण दिले. रिकामा रकाना आपल्या राज्याने एकदा नीट हाताळलाय.

भारांशाने किती फरक पडतो तेही बघा. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे 20 अंतर्गत गुण काढून टाकले, आणि दहावीचा निकाल 2018 च्या 89.41 वरून 2019 ला 77.10 वर आला. गुण परत दिले आणि 2020 ला 95.30. इतकी ताकद असलेली गोष्ट पालकांपासून झाकून का ठेवायची?

दुपारचा_चहा

2019 ला दहावीचा अभ्यासक्रमही नवा होता, प्रश्नपत्रिकांचं स्वरूपही. सगळं खापर 20 गुणांवर फोडू नका. आणि मंडळाचं सूत्र लाखो मुलांसाठी एकच होतं. एका वर्गातल्या बाईंना मुलाचं घर, आजारपण, सगळं माहीत असतं. त्या थोडं मागेपुढे करतात आणि तसंच करायला हवं. लेखी सूत्र दिलंत तर ही मोकळीक पहिली जाईल.

पाषाणटेकडी

मोकळीकही सूत्रात लिहिता येते. सीबीएसईच्या दहावीत तीन नियतकालिक चाचण्यांपैकी सर्वोत्तम दोनची सरासरी घेतात. डेंगीने एक चाचणी बुडाली तरी मूल बुडत नाही आणि बाईंना कुणासाठी गुपचूप काही करावं लागत नाही. जी मुलं शिक्षकांशी मोकळेपणाने बोलत नाहीत त्यांनाही हीच सवलत मिळते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

खडूफळा

ताई, एवढं मी माझ्या शाळेत मांडू शकतो: रकान्यात तीन वेगळ्या खुणा हव्यात. तपासणी बाकी, मूल गैरहजर आणि काम दिलं नाही. पहिल्या दोन सरासरीतून बाहेर. तिसरीला शून्य, आणि ते बदलायची मुदत सत्राच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत. आमच्या ॲपमध्ये अशा खुणा आहेत, कुणी वापरत नाही, कारण 55 मुलांचे सहा-सहा रकाने भरताना नुसते आकडे टाकणं सोपं पडतं. पुढच्या पालक-शिक्षक सभेत भारांशाचा कागदही वाटायला सांगतो. पण तिसऱ्या खुणेचं शून्य मी सोडणार नाही, आणि पालकांनी म्हटलं म्हणून ते रिकामंही करणार नाही.

निवृत्तबाई

सर, चौथा रकाना नोंदीसाठी ठेवा. दोन ओळी मावतील एवढा.